अंगठ्याएवढी जागा

घरात शिरल्यावर केतकी आधी चपला काढत नसे. दारातल्या पायपुसण्यावरच ती उकिडवी बसायची आणि पाच वर्षांची पर्णा धावत येऊन आपला उजवा पाय तिच्या पुढ्यात धरायची.

"दाखवा बरं आमचं उसाचं कांडं. मोडलं का?"

"नाही मोडलं."

"बघू तरी."

मग केतकी डाव्या हातानं ती बारीक नडगी धरायची. अंगठा पुढून, चार बोटं मागून. हाडांच्या डॉक्टरची बोटं ती, कातडीखालचं वाचायला शिकलेली. जोड सरळ आहे, हलत नाही, पोरगी कळवळत नाही, एवढं बोटांनी सांगितलं की दिवसभर छातीत अडकलेला श्वास खाली उतरायचा. सकाळी निघताना एकदा, आल्यावर एकदा, आणि मध्ये कधी जीव राहिला नाही की पुन्हा एकदा.

"दवाखान्याचे हात तरी धू गं आधी," आतून तिची आई ओरडायची. "लेकरू काय पळून चाललंय का?"

त्या दिवशी मात्र बोटं अडखळली. हाड जिथं जोडलं होतं, नेमकं तिथं, हरभऱ्याएवढं काहीतरी टणक लागलं. केतकीनं पुन्हा दाबून पाहिलं. होतंच.

"जोरात नको ना," पर्णा म्हणाली.

"नाही गं राणी." केतकी हसली.

पर्णा जन्मली तीच वाकलेली नडगी घेऊन. अशा हाडाचं एक वाईट असतं. ते चालायला लागल्यावर मोडतं, आणि एकदा मोडलं की सांधत नाही. टोकं एकमेकांना भेटतात आणि ओळख नसल्यासारखी नुसती शेजारी पडून राहतात. सळ्या घाला, पिंजरे बसवा, वर्षानुवर्षं ऑपरेशनं करा, आणि शेवटी थकून पायच काढा, असं पूर्वी व्हायचं. पर्णाचं हाड ती दोन वर्षांची असताना मोडलं. बाथरूमच्या उंबऱ्याला पाय अडखळला, एवढंच. तो आवाज केतकीच्या कानातून अजून गेला नव्हता. वाळकी काटकी मोडावी तसा.

पण पर्णाच्या नशिबात 'अस्थिबीज' होतं.

केतकी गोदातीर मेडिकल कॉलेजात शिकायला आली तेव्हा तिथला हाडांचा विभाग म्हणजे शवागारामागची एक लांबोळकी खोली होती. मोडके पाय ताणून ठेवायला वजनं नसत, म्हणून दोरीला विटा टांगलेल्या असत. विभागप्रमुख डॉ. सेलूकर नव्या विद्यार्थ्यांना सांगायचे, "इथं वीट आली की माणूस सरळ होतो." आता त्याच जागी सात मजली अस्थिभवन उभं होतं. आदिलाबादहून, बीदरहून, पार रायपूरहून माणसं मांडीवर लेकरं घेऊन येत. तळमजल्यावरच्या मोठ्या पडद्यावर दिवसभर एकच चित्र फिरायचं: लाल फ्रॉकमधली पर्णा, गवतावर धावणारी. वर आठव्या मजल्याचं काम चालू होतं. दसऱ्याला तो उघडला की मोठ्यांनाही अस्थिबीज मिळणार होतं, म्हाताऱ्यांच्या मोडक्या खुब्यांना, अपघातात चुरा झालेल्या मांड्यांना.

त्यातलं शास्त्र तसं साधं होतं. हाड मेलेलं लाकूड नव्हे, ते जिवंत असतं आणि ऐकतं. त्याच्यावर भार पडला की त्यात अगदी नखभर वीज उमटते, आणि त्या विजेच्या खुणेवर पेशी नवं हाड रचत जातात. म्हणून पोती वाहणाऱ्या हमालाचं हाड जाड होतं, आणि वर्षभर अंथरुणाला खिळलेल्याचं पोकळ. भार पडेल तिथं वाढायचं, नसेल तिथं विरायचं, एवढाच हाडाचा कायदा. अस्थिबीजात पोवळ्यासारखा सच्छिद्र सांगाडा होता, त्यात रुग्णाच्याच कमरेतून काढलेल्या पेशी रुजवलेल्या, आणि सगळ्यातून केसाहून बारीक स्फटिकाचे धागे ओवलेले. हे धागे ती नखभर वीज शेकडोपट करायचे. जन्मभर बहिरं असलेलं हाड त्यामुळं ऐकू लागायचं. पर्णा ऑपरेशननंतर दोन महिन्यांत उभी राहिली होती.

ऑपरेशन सेलूकर सरांनीच केलं होतं. केतकीला त्यांनी थिएटरबाहेर बसवलं. एरवी ते सगळ्यांना सांगायचे, "केतकी माझा उजवा हात आहे. फक्त डावखुरा." त्या दिवशी मात्र म्हणाले, "आज तू आई. डॉक्टर आम्ही आहोत."

*

दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत रेहाना शेख पडद्यावरचा स्कॅन फिरवून फिरवून पाहत होती. ती जैव-अभियंता. अस्थिबीजातले धागे तिनंच विणले होते, आणि पर्णाचा केक दरवर्षी तीच आणायची.

"ही सूज नाही. गाठ म्हणतात तसली वाईट गाठही नाही," ती म्हणाली. "हे चांगलं, निरोगी हाड आहे. फक्त नको तिथं आहे."

"वाढतंय का?"

"मागच्या स्कॅनला नव्हतं. म्हणजे वाढतंय." रेहानानं चष्मा कपाळावर सरकवला. "केतकी, बीज आपण होऊन वाढत नाही. त्याला कुणीतरी सांगावं लागतं. चालण्याचा भार उभा येतो, वरून खाली. इथं आडवा येतोय. कुणी दाबतंय का तिथं? बूट घट्ट आहे? पट्टा?"

केतकीच्या डोळ्यांपुढं एकदम वाटी आली. कोमट करडीच्या तेलाची, स्टीलची वाटी.

पर्णाच्या ऑपरेशनपासून केतकीची आई कंधारहून येऊन राहिली होती. नवरा मकरंद राजस्थानात सौरप्रकल्पावर, सणासुदीला येणारा. घर आणि पर्णा आईच्याच भरवशावर. ती रोज पर्णाला पायांवर आडवी घेऊन चोळायची, अगदी जन्मल्या बाळाला घ्यावं तशी, गाणं म्हणत, टाळूपासून तळपायापर्यंत.

आणि केतकीला आठवलं की रुग्णांना द्यायच्या सूचनांत धावणं, उड्या, सायकल, सगळं होतं. मालिश नव्हती. त्या परदेशी नमुन्यावरून उतरवलेल्या, आणि तिकडं पाच वर्षांच्या मुलीला कुणी तेल लावत नसावं. प्रयोग झाले ते शेळ्यांवर. शेळीला कोण चोळतंय?

घरी ती थेट मोरीतच गेली. आई पर्णाच्या पोटरीवरून हात उतरवत होती.

"आई, थांब. सोड तिला."

"कामून? काय झालं?"

"हे तेल-बिल बंद. आजपासून. तुझ्या चोळण्यानं हाड वाढतंय तिचं."

आईनं हात उचलले. तेलानं चकाकणारे, तसेच अधांतरी. "काय बोलायलीस? मी काय दाबायले का तिला? नुसता हात फिरवायले."

"फिरवतेस की रगडतेस ते मला माहितीय. मला नाही का चोळलंस?"

"तुलाच चोळलं म्हणून तर तू दिवस दिवस उभी राहून लोकाची हाडं जोडायलीस."

"आई, हा गमतीचा विषय नाही. तिचा पाय जाईल."

मोरीत नळ ठिबकत होता. पर्णा आजीकडून आईकडे आणि आईकडून आजीकडे पाहत होती.

"माझ्यामुळं?" आईनं विचारलं.

केतकीनं टॉवेल घेऊन पर्णाच्या नडगीवरचं तेल पुसून काढलं. नाही म्हणता आलं असतं. माहीत नाही, एवढं तरी म्हणता आलं असतं.

तिसऱ्या दिवशी आई कंधारला निघाली. भावाकडं शेंगा काढायच्यात, म्हणाली. बसमध्ये बसताना तिनं पर्णाच्या गालावरून बोटं फिरवून स्वतःच्या कानशिलावर मोडली, आणि केतकीकडं न बघता म्हणाली, "सांभाळ. मला काही हाडातलं कळत नाही."

*

तेल थांबलं, तरी गाठ थांबली नाही.

केतकीनं पर्णाला पाळणाघरात घातलं, मऊ बूट आणले, गादी बदलली. आणि ती बघत राहिली. आता सकाळी दोनदा, आंघोळीनंतर टॉवेलनं पुसताना, शाळेच्या रिक्षात बसवताना. दर वेळी बोटं त्याच जागी जायची. अंधारात स्वतःच्या घरच्या दिव्याचं बटण सापडावं तशी नेमकी. दर वेळी तिला वाटायचं, आज लहान लागेल. दर वेळी ती तसूभर मोठी लागायची. आता मागच्या बाजूलाही खडे आले होते, ओळीनं.

"आई, माझ्या पायात मुंग्या गेल्यात," एका सकाळी पर्णा म्हणाली. बूट तिच्या पायातून निसटून मागं पडला होता, आणि तिला ते कळलंच नव्हतं.

केतकीनं तो बूट उचलला. बंद तिला बांधताच येईना, रिक्षावाल्या काकांनाच खाली बसावं लागलं.

सेलूकर सरांनी स्कॅन पाहिला आणि खोलीचं दार लावून घेतलं. बाहेर आठव्या मजल्यावर फरश्या कापण्याचं यंत्र किंचाळत होतं.

"मागचं हाड नसेवर चढलंय," ते म्हणाले. "पायाच्या पंज्याची जाणीव जातेय. थांबून चालायचं नाही."

"कापून काढू."

"काढू. पण कापलं की रक्त येणार, पेशी धावणार, धागे तर तिथं आहेतच. दुप्पट जोमानं येईल. शेळ्यांत आलं होतं, तूच मांडलं होतंस परिषदेत."

"मग?"

सरांनी टेबलावरची पेन्सिल उचलली, खाली ठेवली. "बीज सगळंच काढायचं. म्हणजे मधलं हाडही गेलं. आणि मग तुला माहितीय, गुडघ्याच्या खाली..."

त्यांनी वाक्य सोडून दिलं. कितीतरी पालकांना केतकीनं हे वाक्य स्वतः पूर्ण करून सांगितलं होतं, पाण्याचा ग्लास पुढं सरकवून, शांत आवाजात. आता तिला कळेना की ती माणसं खुर्चीवरून उठून दारापर्यंत चालत कशी गेली.

"सोमवारी ठरवू," सर म्हणाले. "आणि खालचं ते पडद्यावरचं चित्र मी काढायला सांगतो."

*

शनिवारी दुपारी रेहानानं तिला बोलावून घेतलं. टेबलावर पर्णाच्या नडगीचा पांढरा साचा होता. स्कॅनवरून, मोठा-लहान न करता, यंत्रानं छापलेला.

"पडद्यावर मला कळत नव्हतं," रेहाना म्हणाली. "हातात घेतलं की कळतं, म्हणून छापलं. पण आधी एक सांग. बीज बसवलेल्या इतर मुलांच्या आयांना मी फोन केले. सगळ्यांना. तेल लावता का विचारलं."

"मग?"

"सगळ्या लावतात. कुणी तिळाचं, कुणी खोबऱ्याचं. एकीची सासू तर दोन्ही वेळा. गाठ एकाही मुलाला नाही."

"एकालाही नाही?"

"हात फिरता असला की भार फिरतो, आणि हाड तो विसरतं. गाठ यायला तीच जागा, तसाच दाब, पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा हवा. माणसाला असं नेमकं दाबता येत नाही. मला वाटलं एखादा खिळा, खुर्चीची कड... नेमकेपणा यंत्राचा आहे, केतकी."

केतकीनं साचा उचलला. नेहमीसारखा, डाव्या हातानं.

अंगठा पुढच्या उंचवट्यावर गेला आणि आत बसला. तो उंचवटा नव्हताच. ती एक वाटी होती, चिखलात बोट दाबल्यावर भोवती कड उभी राहावी तशी हाडाची कड असलेली. मागं चार बोटांना चार खाचा सापडल्या. एकही बोट सरकवावं लागलं नाही. करंगळी शेवटच्या खाचेत जरा तिरपी पडली, कारण लहानपणी दारात चेंगरल्यापासून ती तिरपीच होती.

रेहानाच्या ते लक्षात आलं. तिनं हळूच साचा सोडवून घेतला आणि स्वतःचा हात बसवून पाहिला, आधी उजवा, मग डावा. बसला नाही.

"दिवसातून किती वेळा?" तिनं विचारलं.

"मी फक्त बघत होते," केतकी म्हणाली. "मोडलं तर नाही ना, एवढंच बघत होते."

रेहानानं तिच्यापुढं खुर्ची ओढली. वर फरशीचं यंत्र थांबलं, पुन्हा सुरू झालं.

सेलूकर सर आले, सगळं ऐकून त्यांनी साचा खिडकीपाशी नेला आणि एकेक खाच निरखून पाहिली. वळले तेव्हा एकदम म्हातारे दिसत होते.

"वर आपण आता मोठ्यांना देणार," ते म्हणाले. "नवरा बायकोचा खुबा चाचपणार. पोरगा बापाचं मनगट. ज्याला ज्याची काळजी, तो तिथंच हात लावणार. हे आपल्याला सुचलंच नाही." मग रेहानाला विचारलं, "विरेल?"

"दाब थांबला आणि तिनं पायावर भार टाकला, उभा भार, चालून, धावून, तर हाड कायद्यानं विरायला हवं. आधी नस मोकळी होते की आधी नस मरते, ते मी सांगू शकत नाही."

"दसरा पुढं ढकला," सर फोन उचलत म्हणाले. "ऑपरेशनचा निर्णयही. महिनाभर बघू." मग केतकीकडं वळले. "बघू म्हणजे स्कॅनमध्ये. तू हात लावायचा नाहीस. पडली तरी उचलायची नाहीस, तिची तिला उठू दे. जमेल?"

केतकीनं मान हलवली. तिला ठाऊक होतं, जमणार नव्हतं. तिचे हात तिचं ऐकत नसत. ते आता फक्त भीतीचं ऐकायचे.

*

कंधारच्या घरी आई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. केतकी पुढ्यात बसली, आणि पिशवीतून काढून तो साचा तिनं आईच्या हातात दिला. बोटं कशी बसतात ते दाखवलं. सगळं सांगितलं.

आईनं साचा उलटासुलटा करून पाहिला. केतकी वाट पाहत होती की ती काहीतरी टोचून बोलेल. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

"तुझा बाप असाच करायचा," आई अखेरीस म्हणाली. "तुला ताप आला की कपाळावरचा हात काढायचा नाही. मी म्हणायचे, अहो, तुमच्याच हातानं तापायलंय लेकरू." तिनं साचा शेंगांच्या टरफलांपासून लांब, जपून ठेवला. "लेकरू कुठंय?"

"रेहानाकडं."

"तिला काय जेवायला घालती ती? केकच ना?" आई गुडघ्यावर हात टेकून उठली. "थांब, लुगडं बदलते."

संध्याकाळी केतकी दार उघडून घरात शिरली. रेहानाकडून पर्णाला घेऊन आई आधीच आत गेली होती. आजी आली म्हणून पर्णा घरभर नाचत होती, एक पाय जरा ओढत, आणि आवाज ऐकून ती सवयीनं दाराकडं धावली. पायपुसण्यापाशी थांबून तिनं उजवा पाय पुढं धरला.

"आई, कांडं बघ ना."

केतकी उकिडवी बसलेली होती. कधी बसली ते तिचं तिलाही कळलं नव्हतं. डावा हात निम्म्या वाटेत होता.

तो आईनं वरच्या वर धरला. दुसऱ्या हातात करडीच्या तेलाची वाटी होती.

"आज आधी तुझ्या आईचा नंबर," ती पर्णाला म्हणाली. "बघ की, हाताचं नुसतं लाकूड झालंय."

तिनं केतकीला तिथंच, दारात, भिंतीला टेकवून बसवलं. तळव्यावर कोमट तेल ओतलं आणि अंगठ्याच्या मुळापासून बोटांच्या टोकाकडं हात फिरवायला सुरुवात केली. कुठंच न थांबणारा हात. पर्णा वाकून पाहत होती.

"आज्जी, आईचं मोडलं का?"

"नाही मोडलं."

"बघू तरी," पर्णा म्हणाली. तिनं केतकीच्या तिरप्या करंगळीला एक बोट लावून पाहिलं, समाधान झालं, आणि ती अंगणात पळाली.

बाहेर तिची पावलं वाजत होती, एक जोरात, एक हलकं. जोरात, हलकं. केतकी डोळे मिटून ऐकत होती. प्रत्येक पाऊल म्हणजे त्या हाडाला एक निरोप. पोचतोय की नाही, कळायला मार्ग नव्हता.

मग पावलं थांबली. काहीतरी पडल्याचा आवाज आला.

केतकीचा हात ताडकन उडाला. आईनं तो सोडला नाही. तिचा अंगठा त्याच गतीनं मनगटावरून खाली उतरत राहिला.

"आई, सोड."

"ऐक," आई म्हणाली.

अंगणात काहीच वाजत नव्हतं. शेजारच्या कुकरची शिट्टी झाली. केतकी श्वास धरून बसली, आणि खूप वेळानं, एक हलकं पाऊल वाजलं. मग एक जोरात.